गोटी सहा पॉइंटची की बारा पॉइंटची?

"बारा पॉइंटची घ्या भाऊ, जास्त कोन म्हणजे जास्त पकड." जळगाव, धुळे, भुसावळ, शहादा, कुठल्याही गावातल्या हार्डवेअरच्या काउंटरवर गोटी, म्हणजे दांड्याला लावून नट फिरवायचं सॉकेट, घेताना हे वाक्य ऐकायला मिळतं. दुकानदार सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पेटी घेऊन घरी जातं. पुढे रोटाव्हेटरची पाती बदलायची वेळ येते. पहिल्याच जोराला गोटी सरकते, बोल्टचं डोकं गोल होतं आणि दोष गंजाला दिला जातो. गंजाचा वाटा असतोच. पण निम्मं काम चुकीच्या गोटीने केलेलं असतं.

बारा पॉइंट म्हणजे काय हे कुणाला शिकवायची गरज नाही. घरात ट्रॅक्टर असेल तर रिंग पान्यांचा सेट असतोच, आणि रिंग पान्याच्या तोंडात आतून ज्या बारा खाचा दिसतात त्याच बारा पॉइंटच्या गोटीत असतात. सहा पॉइंटची गोटी आतून सरळ षटकोनी असते, नटासारखीच. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून घेताना गोटी उलटी करून आत बघायचं. पेटीवरचं चकचकीत चित्र बघून काही कळत नाही.

आता पकडीचं बघू. नटाला बाजू सहाच. गोटीत बारा खाचा असोत की सहा, नटाचे कोपरे सहाच खाचांत बसतात. बारातल्या उरलेल्या सहा खाचा रिकाम्याच राहतात. त्या पकडत काहीच नाहीत, उलट पकडायची भिंत खाऊन टाकतात.

हे मापाने तपासता येतं. 17 मिमीचा नट घ्या. त्याची एक बाजू साधारण 9.8 मिमी लांब असते. सहा पॉइंटच्या गोटीत त्या पूर्ण बाजूसमोर सलग भिंत असते. बारा पॉइंटमध्ये त्याच बाजूच्या बरोबर मध्यावर दुसरी खाच येते, म्हणून भिंत फक्त दोन्ही कोपऱ्यांजवळ उरते, प्रत्येकी सुमारे 2.6 मिमी. मधले साडेचार मिमी मोकळे. म्हणजे सगळा जोर नटाच्या कोपऱ्यावर येतो, आणि झिजतो तोही कोपराच.

खोलीचंही तेच. 17 च्या नटाचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप हिशेबाने 19.6 मिमी येतं. बारा पॉइंटच्या गोटीतले आत आलेले दात 17.6 मिमीच्या वर्तुळावर असतात. दोघांतला फरक निम्मा केला की कळतं, एकेका कोपऱ्याला धरून ठेवणारा आधार जेमतेम 1 मिमीचा आहे. हा कागदावरचा, अगदी धारदार कोपऱ्यांचा नट झाला. खऱ्या नटाचे कोपरे कारखान्यातूनच थोडे बोथट येतात, गोटीत थोडी ढिलाईही ठेवावीच लागते. म्हणजे नव्या नटावरसुद्धा तो 1 मिमी पूर्ण मिळत नाही.

आता त्याच नटाचा कोपरा अर्धा मिमी झिजलाय असं धरा. सहा पॉइंटच्या गोटीत नट किंचित फिरतो आणि पुढच्या भिंतीला टेकतो, कारण भिंत आतपर्यंत सलग आहे. चांगल्या बनावटीच्या सहा पॉइंट गोट्यांमध्ये तर कोपऱ्यांना मुद्दाम थोडी जागा सोडलेली असते, म्हणजे दाब कोपऱ्यावर न येता बाजूच्या सपाट भागावर येतो. बारा पॉइंटमध्ये झिजलेला कोपरा सरकून आतल्या दातापर्यंत येतो आणि दात ओलांडतो, कारण पुढे त्याला अडवायला काही नाही. मग पुढच्या खाचेत "टक्" करून बसतो. तो आवाज आला की कोपऱ्याचा आणखी एक थर गेला असं समजा. दोनतीनदा झालं की मिस्तरी म्हणतो, "नट गोल व्हई गया भो," आणि गॅस कटर पेटवतो.

आपल्याकडे हे जास्त घडतं, कारण आपल्याकडचे बोल्ट नवे राहत नाहीत. रोटाव्हेटर आणि कल्टिव्हेटरच्या बोल्टची डोकी काळ्या मातीत घासून गुळगुळीत होतात. रावेर-यावलच्या केळीत ठिबकमधून खत सोडतात, तिथे फिल्टर आणि खत ओढून घेणाऱ्या व्हेंच्युरीजवळचे नट-बोल्ट खताच्या पाण्याने खाल्ले जातात. बोअरची मोटार वर काढताना पाइपच्या क्लॅम्पचे बोल्ट वर्षानुवर्षं ओलीत बसलेले असतात. नव्या बोल्टवर दोन्ही गोट्या चालतात, हे मान्य. पण शेतातला बोल्ट नवा कधी असतो?

एवढं असूनही रिंग पान्याला बारा खाचा का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि गोंधळ नेमका इथूनच सुरू होतो. रिंग पान्याचा दांडा त्याच्या तोंडाला पक्का जोडलेला असतो. अडचणीच्या जागी दांडा थोडाच फिरतो, मग पाना काढून परत बसवायचा. सहा पॉइंटचा पाना 60 अंश फिरला तरच पुन्हा बसतो, बारा पॉइंटचा 30 अंशाला. इंजिनच्या बाजूला हात जेमतेम शिरतो तिथे या तीस अंशांवर काम होतं की नाही हे ठरतं. म्हणून रिंग पाना बारा पॉइंटचाच घ्यावा, मीही तोच घेतो. पण हा गुण जागेचा आहे, पकडीचा नाही.

गोटीला ती जागा रॅचेट देतं, म्हणजे मागेपुढे हलवला तरी नट एकाच दिशेला फिरवणारा दांडा. चोवीस दात्यांचं साधं रॅचेट 15 अंशाला पकडतं, बहात्तर दात्यांचं 5 अंशाला. गोटी नटावरून काढावीच लागत नाही. मग बारा खाचांनी काय मिळवलं? रॅचेट नसेल, फक्त सरकता टी दांडा असेल, तरी अडत नाही. दांड्याचा गोटीत शिरणारा चौकोन 90 अंशाने फिरवून बसवता येतो आणि गोटी नटावर 60 अंशाने. दोन्ही मिळून तुम्हाला 30 अंश मिळतातच. हे माहीत नसल्यामुळे लोक जागेसाठी पकड देऊन बसतात.

बारा पॉइंटची गोटी फेकून द्या असं म्हणत नाही. काही इंजिनांत बोल्टचं डोकंच बारा पाकळ्यांचं असतं, त्याला तीच लागते. जुन्या अवजारांवर चौकोनी डोक्याचे बोल्ट असतात. चौकोनाचे कोपरे 90 अंशांवर येतात, म्हणून थोड्या मोठ्या मापाची बारा पॉइंटची गोटी त्यावर कशीबशी बसते, सहा पॉइंटची बसतच नाही. आणि पूर्ण गोल झालेल्या नटावर एक माप लहान, जुनी बारा पॉइंटची गोटी हातोडीने ठोकून बसवली तर तिचे दात धातूत रुततात आणि नट सुटतो. ती गोटी मात्र त्यानंतर चांगल्या नटाला लावू नये.

बाकीचे फरक किरकोळ. किमतीत फारसं अंतर नसतं. गोटीच्या तोंडाला आतून थोडा उतार दिलेला असतो, पातळ नटावर त्यामुळे पकड कमी मिळते. हे दोघींतही सारखंच.

मापाचा गोंधळ वेगळा, तोही उरकतो. बोल्टचा नंबर हा आट्यांचा, पान्याचा नंबर डोक्याचा. एम 10 च्या बोल्टला 10 ची गोटी मागणारे अजून भेटतात. त्याला 17 लागते, नव्या मानकाच्या बोल्टला 16. एम 12 ला 19 किंवा 18. एम 16 ला 24. इंची मापाच्या जुन्या ट्रॅक्टरवर 19 ची गोटी पाऊण इंचाला बिनधास्त चालते, कारण पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी. पण अकरा सोळांश इंचाला, म्हणजे 17.46 मिमीला, 17 ची बसत नाही म्हणून 18 लावतात आणि कोपरे घालवतात. तिथे इंची गोटीच आणा.

दांड्याच्या चौकोनाबद्दल माझं मत ठाम आहे. शेतीकामाला अर्धा इंची, म्हणजे चार सूती. पाव इंची चौकोनाचे 46 नगांचे छोटे सेट स्वस्त मिळतात, मोटारसायकलच्या पॅनलला आणि पंपाच्या स्टार्टरला ठीक. त्याच्यावर रोटाव्हेटर उघडायला बसलात तर चौकोन पिळला जाईल. रॅचेटच्या दांड्यात पाइप घालून जोर लावणं हा तर रॅचेटवर अन्याय आहे. त्याच्या आत लहानसे दाते आणि खिटी असते, ती घसरली की तुमची बोटं अवजाराच्या लोखंडावर आदळतात. जाम बोल्ट सोडवायला रॅचेट नसलेला लांब दांडा घ्या, बोल्ट हलला की मग रॅचेट लावा. एक्स्टेन्शन, म्हणजे दांडा आणि गोटीमधला जोडदांडा, जाम बोल्टवर आदल्या रात्री सोडलेल्या तेलाइतकंच उपयोगी, पण लागेल तेवढंच लांब घ्या. लांब एक्स्टेन्शन पिळ खातं, आणि तिरकं झालं की सहा पॉइंटची गोटीही कोपऱ्यावर येते.

पहिल्यांदा घेणाऱ्याने अख्खी पेटी घेऊच नये असं मला वाटतं. चार सूती रॅचेट, एक लांब दांडा, एक मध्यम एक्स्टेन्शन आणि सहा पॉइंटच्या सुट्या गोट्या: 10, 13, 16, 17, 18, 19, 22, 24. यातल्या 17 आणि 19 लांब गोट्याही घ्या, कारण क्लॅम्पच्या बोल्टचे आटे नटाबाहेर खूप आलेले असतात आणि आखूड गोटी त्या आट्यांवरच टेकते. इम्पॅक्ट गन चालवत असाल तर गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या गोट्या वेगळ्या घ्या. चकचकीत क्रोमची गोटी गनच्या ठोक्यांनी तडकते आणि तिचे तुकडे डोळ्यात उडू शकतात. काळ्या गोट्या बहुतेक सहा पॉइंटच्याच येतात. ठोके देणारं यंत्र आलं की बनवणाऱ्यांनीही बारा पॉइंटचा नाद सोडलेला दिसतो.