दामोदरच्या धरणांतली रिकामी जागा

सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण बंगालमधली गावं पुन्हा पाण्याखाली गेली, तेव्हा मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी थेट दामोदर खोऱ्यातली धरणं चालवणाऱ्या दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनकडे, म्हणजे डीव्हीसीकडे बोट दाखवलं. हा 'मॅन-मेड' पूर आहे, असं त्या म्हणाल्या. २०१९ च्या ऑगस्टात कोयना आणि अलमट्टीच्या विसर्गावरून सांगली-कोल्हापूरला काय खडाजंगी झाली होती हे ज्यांना आठवतं, त्यांना हे भांडण ओळखीचं वाटेल. एक फरक मात्र आहे. कोयना विजेसाठी बांधली. दामोदरवर धरणं मागितली गेली ती मुळात पुरासाठी.

दामोदर छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते आणि बंगालच्या सपाटीवरून जाऊन हुगळीला मिळते. नकाशात पाहिलं तर वरचं पाणलोट पसरलेल्या पंजासारखं दिसतं आणि खालचं खोरं मनगटासारखं अरुंद. पंजावर पडलेला पाऊस काही तासांत मनगटाशी गोळा होतो. तिथेच बर्दवान आहे, कोलकात्याकडे जाणारा ग्रँड ट्रंक रोड आहे आणि १८५५ साली राणीगंजच्या कोळसा खाणींपर्यंत गेलेली रेल्वेही आहे.

रस्ता, रेल्वे आणि शहर, सगळं डाव्या काठाला. म्हणून त्याच दशकात डावा बांध भक्कम केला गेला आणि उजव्या काठाचे बांध वीसेक मैल चक्क काढून टाकले. पुराला जायचंच असेल तर तिकडे जाऊ दे, असा हिशेब. पूर कुणाच्या दारात न्यायचा, हे धरणांच्या शंभर वर्षं आधीच ठरून गेलं होतं! इजिप्तमध्ये नाव कमावलेले सिंचन अभियंते विल्यम विलकॉक्स यांनी पुढे कोलकात्यातल्या व्याख्यानांत या बांधांवर सडकून टीका केली. पुराचं गढूळ पाणी शेतात खेळवणं ही बंगालची जुनी रीत होती आणि बांधांनी ती मोडली, हा त्यांचा मुद्दा.

जुलै १९४३ मध्ये हाच डावा बांध बर्दवानजवळ फुटला. पूर तसा मोठा नव्हता. १९१३ आणि १९३५ चे पूर याहून बरेच दांडगे होते. पण वेळ वाईट होती. जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन ठेपलेलं, बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत असलेली, आणि अशात रेल्वे आणि हमरस्ता दोन्ही तुटले. दिल्ली हादरली ती कोलकात्याचा लष्करी मार्ग बंद पडला म्हणून, बुडालेल्या गावांसाठी नव्हे, असं मला वाटतं. बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखं एकच प्राधिकरण इथेही हवं, अशी शिफारस समितीने केली.

पुढची सूत्रं आली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याच विभागात होती. मराठी वाचकाला बाबासाहेबांची ही चार वर्षं फारशी सांगितलीच जात नाहीत. जानेवारी १९४५ मध्ये कोलकात्यात त्यांनी केंद्र, बंगाल आणि बिहार यांना एकत्र बसवलं आणि योजना नुसती पुरापुरती न ठेवता सिंचन, वीज आणि जलवाहतुकीसाठीही करायची, असा आग्रह धरला. टेनेसीहून आलेल्या व्हूरडुइन या अभियंत्याने आराखडा केला. दहा लाख क्युसेकचा पूर आला तरी खाली अडीच लाखांपेक्षा जास्त जाऊ नये, असं गणित होतं. त्यासाठी आठ धरणं लागणार होती.

झाली चार. १९४८ च्या कायद्याने डीव्हीसी स्थापन झाली. तिलैया १९५३ मध्ये, कोनार १९५५ मध्ये, मैथन १९५७ मध्ये आणि पंचेत १९५९ मध्ये पूर्ण झालं. कायद्यातली पैशाची वाटणी वाचण्यासारखी आहे. पूरनियंत्रणाचा पहिला १४ कोटींपर्यंतचा खर्च केंद्र आणि पश्चिम बंगालने निम्मा निम्मा करायचा, त्यावरचा सगळा बंगालच्या माथी. बुडीत जमीन मात्र बरीचशी बिहारची, म्हणजे आजच्या झारखंडची.

पंचेतच्या उद्घाटनाला नेहरू आले. कळ दाबायचा मान त्यांनी धरणावर काम केलेल्या एका संथाळ मुलीला दिला. कार्यक्रमात हार घालण्याचा प्रसंग झाला होता आणि गावाने त्याचा अर्थ तिचं नेहरूंशी लग्न असा लावला. परक्याशी लग्न म्हणून तिला समाजाबाहेर काढलं, पुढे तिची नोकरीही गेली.

खरी मेख धरणाच्या आत आहे. पुरासाठी बांधलेलं धरण पावसाळ्यात काही अंशी रिकामं ठेवावं लागतं. ती रिकामी जागा हेच त्याचं काम. पण कालव्यावरच्या शेतकऱ्याला, दुर्गापूरच्या कारखान्यांना आणि वीजकेंद्राला धरण भरलेलं हवं असतं. त्यात मैथन आणि पंचेतमध्ये ठरलेल्या पातळीपर्यंतची जमीन कधी संपादितच झाली नाही, त्यामुळे आराखड्यातली पूरसाठवण कागदावरच राहिली. बिहारने दामोदरवर तेनुघाट बांधलं, त्यात पुरासाठी जागाच ठेवलेली नाही. डीव्हीसी स्वतः आज मुख्यतः कोळशावर वीज करणारी संस्था आहे. जलविद्युत दीडशे मेगावॅटलाही पोचत नाही.

तरी धरणं कुचकामी ठरली असं नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये वरून सुमारे पावणेआठ लाख क्युसेक पाणी आलं आणि धरणांनी खाली सोडलं ते साधारण १ लाख ६० हजार. एवढं करूनही बंगाल बुडाला, कारण धरणांच्या खालच्या भागातही तुफान पाऊस पडला होता. शिवाय खालचं पात्रच आक्रसलेलं. कपिल भट्टाचार्य या बंगाली अभियंत्याने हे आधीच बजावलं होतं: पुराचा जोर मोडलात तर खालचा गाळ धुऊन कोण नेणार? दरवर्षीचा लोंढा थांबला आणि पात्र उथळ होत गेलं. आता अडीच लाख क्युसेक लांबच राहिले, लाखभर सोडले तरी हुगळी-हावड्याच्या सखल गावांत पाणी शिरतं.

उरलेल्या चार धरणांपैकी एकाच्या बदल्यात बराकर नदीवर बलपहाडी इथे धरण बांधायचा प्रस्ताव मोठ्या पुरानंतर दर वेळी बाहेर काढला जातो. बुडणार झारखंडची जमीन, वाचणार बंगालची गावं.