गजालीला लावलेलं घड्याळ

पणजीतल्या एखाद्या डिझाईन संमेलनाच्या पत्रिकेत ‘पेचाकुचा’ वाचलं की नवख्याला तो खाण्याचा पदार्थ वाटतो. जपानीत त्याचा अर्थ बडबड, गप्पा. आपल्याकडे म्हणतात तशा गजाली. फरक इतकाच, की आपली गजाल सोप्यावर सुरू झाली की आतून जेवणाची हाक येईपर्यंत चालते. पेचाकुचा म्हणजे पडद्यावर चित्रं दाखवत मारलेली गजाल, आणि ही ६ मिनिटं ४० सेकंदांत संपते.

फेब्रुवारी २००३ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागातल्या ‘सुपरडीलक्स’ या जागी अ‍ॅस्ट्रिड क्लाईन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकार जोडीने हा प्रकार सुरू केला. जागेला लोक हवे होते, तरुण डिझायनरांना आपलं काम दाखवायला मंच हवा होता. अडचण एकच, वास्तुरचनाकाराच्या हातात गेलेला माईक परत मिळत नाही. म्हणून नियम ठरला: २० चित्रं, प्रत्येक चित्राला २० सेकंद, आणि चित्र आपोआप पुढे सरकणार.

वेळेचं बंधन त्याआधीही होतं. २००० साली अमेरिकेत पिट्सबर्गला ‘पर्ल’ या संगणकभाषेच्या प्रोग्रॅमरांच्या परिषदेत पाच-पाच मिनिटांची भाषणं झाली, त्यांना ‘लाइटनिंग टॉक’ म्हणतात. आणि वक्तृत्व स्पर्धेतली इशाऱ्याची घंटा, मग शेवटची घंटा कोणाला ठाऊक नाही? पण घंटा शेवटीच वाजते. तोवर निम्मा वेळ ‘व्यासपीठावरील मान्यवर’ करण्यात गेलेला असतो. पेचाकुचात दर वीस सेकंदांनी हिशेब होतो. पुढे जायचं बटणच वक्त्याच्या हातात नसतं. खरी युक्ती मला ही वाटते, सहा मिनिटांची मर्यादा नव्हे.

मग भावंडं निघाली. २००६ मध्ये सिअ‍ॅटलला ‘इग्नाइट’ आलं: चित्रं तेवढीच, पण प्रत्येकी १५ सेकंद.

वीस सेकंदांत बोलून होतात चाळीस-पन्नास शब्द. जुन्या गोंयकार घराची शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी तेवढ्यात दाखवता येते. शिंपले घासून, लाकडी चौकटीत कसे बसवतात हे सांगायला गेलात, तर मागे पडद्यावर तुळशीवृंदावन येऊन उभं राहिलेलं असतं.

टोकियोवाल्यांनाही हे उमगलं असावं. या कार्यक्रमांत मध्ये बिअरसाठी मध्यंतर ठेवण्याची प्रथा आहे. तेव्हा घड्याळ बंद असतं, आणि खिडकीवाल्याभोवती दहा माणसं जमलेली असतात.