मिनिटाला १४ मीटर

रविवारी सकाळी खेळून झालं की आमची टोळी ग्राउंडच्या फाटकाबाहेर तर्री-पोह्यांच्या गाडीवर जमते. बुटांचा चिखल झटकता झटकताच वाद सुरू होतो आणि बऱ्याचदा तो मँचेस्टर युनायटेडवर जाऊन थांबतो. मागच्या एका रविवारचा विषय जुनाच होता. मॅनेजरने पोरांना आधी पळवावं की खेळवावं?

"दम नसन तर पाय काय कामाचे?" काका म्हणाले. काका पन्नाशीतले, सगळी उमेद बॅकला खेळण्यात घालवलेले. त्यावर कॉलेजातला आमचा विंगर उसळला, "काका, पळूनच मॅच जिंकता येते तर घोडे आणा ना मैदानात. बॉल खेळाले डोकं लागते."

गंमत अशी की दोघंही एकाच मॅचचा दाखला देत होते.

१३ ऑगस्ट २०२२. आपल्याकडे रात्रीचे दहा. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबने पहिल्या ३५ मिनिटांतच युनायटेडवर चार गोल चढवले आणि मॅच ४-० अशीच संपली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंना सुट्टी होती. नवे मॅनेजर एरिक टेन हाग यांनी ती रद्द केली, सगळ्यांना बोलावलं आणि १३.८ किलोमीटर पळवलं. स्वतःही सोबत पळाले. हा आकडा मॅचमधूनच आला होता. ब्रेंटफर्डचे खेळाडू सगळे मिळून युनायटेडपेक्षा तेवढं जास्त पळाले होते. आपल्या नागपुरात सीताबर्डीहून कामठी रोडने निघालेला माणूस एवढ्या अंतरात कामठीच्या जवळ पोचतो. नऊ दिवसांनी याच संघाने लिव्हरपूलला २-१ हरवलं. काकांच्या मते वाद तिथेच मिटला.

मला वाटतं, तो तिथे सुरू होतो. १३.८ किलोमीटर अकरा जणांत वाटा. माणशी साधारण सव्वा किलोमीटर येतं. ते नव्वद मिनिटांवर पसरा, मिनिटाला १४ मीटर. पेनल्टी बॉक्सची खोली साडेसोळा मीटर असते, म्हणजे त्याहूनही कमी. शिवाय चारही गोल पडले तेव्हा कोणाचाही दम संपलेला नव्हता. पहिला गोल गोलकीपरच्या हातून निसटला. दुसऱ्या गोलच्या वेळी आपल्याच बॉक्सपाशी दिलेल्या पासवर ब्रेंटफर्डचा खेळाडू झडप घालून गेला. हा दुसरा गोल मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या झडपेत काकांचं म्हणणंही आहे आणि विंगरचंही. ती झडप शरीर कशी घालतं आणि पुन्हा पुन्हा कशी घालू शकतं, हे समजलं की या भांडणाचा नूरच बदलतो.

वरच्या दर्जाचा फुटबॉलपटू एका मॅचमध्ये साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यातलं बहुतेक चालणं आणि हळू धावणं असतं. खरा जोर लागतो तो छोट्या छोट्या झपाट्यांना: दोन-चार सेकंदांची धाव, अचानक वळण, उडी, टॅकल. असे जोराचे क्षण मॅचभरात दीडशे ते अडीचशे येतात. हृदयाचे ठोके सरासरी कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास राहतात. मॅरेथॉनवाला एकाच चालीने पळतो. फुटबॉलवाला दर मिनिटाला गिअर बदलतो.

या झपाट्यांचं इंधन तीन ठिकाणी असतं. आपल्या आजोळच्या घरासारखं समजा: हातात लोटा, ओसरीत रांजण, परसात विहीर. लोटा म्हणजे स्नायूत तयार असलेलं एटीपी. ते पूर्ण जोरात दोन-तीन सेकंदांत संपतं. लगेच रांजण कामी येतो, त्याचं नाव क्रिएटिन फॉस्फेट. तो लोटा भरत राहतो, पण पूर्ण जोर लावला तर दहाएक सेकंदांत त्याचाही तळ दिसायला लागतो. विहीर म्हणजे स्नायूतली साठवलेली साखर, ग्लायकोजेन, आणि अंगातली चरबी. विहिरीत पाणी भरपूर असतं, पण ते काढायला वेळ लागतो.

आता महत्त्वाची गोष्ट. रिकामा झालेला रांजण परत भरायला ऑक्सिजन लागतो. साधारण अर्ध्या मिनिटात तो निम्मा भरतो आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं जातात. मॅचमध्ये तीन मिनिटं कोण देतं? बॉल गमावला, मागे पळा. कॉर्नर मिळाला, वर या. तेव्हा ज्याच्या विहिरीवरची मोटार दमदार, त्याचा रांजण दोन झपाट्यांच्या मधल्या वेळात जास्त भरतो. ही मोटार म्हणजे मोठं, ताकदीने रक्त ढकलणारं हृदय, स्नायूंत पसरलेलं केशवाहिन्यांचं जाळं आणि पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भट्ट्या. आपण ज्याला दम म्हणतो तो हाच. पन्नासावी झडप पहिलीसारखी घालता येणं, याला फुटबॉलमध्ये दम म्हणायचं.

विहीर आटते तेव्हा काय होतं, हे स्वीडनचे शरीरशास्त्रज्ञ बेंग्ट सॉल्टिन यांनी १९७३ मध्ये दाखवलं. काही खेळाडू ग्लायकोजेनचा साठा भरलेला ठेवून मॅचला उतरले, काही अर्धवट साठ्यावर. अर्धवटवाल्यांनी एकूण अंतर कमी कापलं आणि त्यातलं बरंचसं चालत कापलं. दुसऱ्या हाफमध्ये हा फरक ठळक दिसला. म्हणून मॅचच्या आदल्या रात्री भात-पोळी टाळून 'हलकं' राहणाऱ्या पोरांना मी नेहमी टोकतो. मॅचनंतर हा साठा पूर्ववत व्हायला दोन-तीन दिवस लागू शकतात, हेही त्यांनी लक्षात ठेवावं.

मोटार वाढवता येते का? नॉर्वेतल्या यान हेल्गेरूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ मधला प्रयोग मला या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. वरच्या दर्जाचे ज्युनियर खेळाडू घेतले. एका गटाला नेहमीच्या सरावाशिवाय आठवड्यातून दोनदा चार-चार मिनिटांच्या चार जोरदार धावा दिल्या, ठोके कमालीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मध्ये तीन मिनिटं हळू धावणं. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ कौशल्याचा जादा सराव केला. आठ आठवड्यांनी धावणाऱ्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ५८ वरून ६४ वर गेली (दर किलो वजनामागे मिनिटाला इतके मिलिलिटर). मॅचमधलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, स्प्रिंट दुप्पट झाले. आणि विंगर भाऊने कान देऊन ऐकावं अशी गोष्ट: त्यांचा बॉलशी येणारा संबंध २४ टक्क्यांनी वाढला. बॉल खेळायला डोकं लागतं हे खरंच, पण आधी बॉलपाशी पोचावं लागतं.

इथे काका मिशीवर ताव देतील, म्हणून लगेच दुसरी बाजू. इंग्लंडच्या वरच्या तीन विभागांची तुलना करणारा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. जास्त वेगाने जास्त अंतर पळणारे खेळाडू निघाले दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागातले. पहिल्या विभागातले, म्हणजे प्रीमियर लीगवाले, कमी पळत होते. दमाच्या चाचणीत तिन्ही विभाग जवळपास सारखे होते. फरक पडत होता तो पासमध्ये. ज्या संघाकडे बॉल टिकत नाही त्याला तो परत मिळवायला पळावंच लागतं. म्हणून किलोमीटरचा आकडा पाहून कोणी जास्त मेहनत घेतली हे ठरवणं मला चूक वाटतं. जर्मन लीगमधले ३६० गोल तपासणाऱ्या संशोधकांना गोलच्या आधी गोल करणाऱ्याची सर्वाधिक वेळा दिसलेली हालचाल होती सरळ रेषेतला स्प्रिंट. दोन-तीन सेकंदांचं काम. किलोमीटरच्या बेरजेत ते दिसतही नाही.

आणि त्या १३.८ किलोमीटरने काय साधलं? एका दिवसाच्या धावण्याने हृदय मोठं होत नाही, मायटोकॉन्ड्रिया वाढत नाहीत. त्याला आठवडे लागतात. नऊ दिवसांत युनायटेडची मोटार बदलली नव्हती. संघ मात्र बदलला होता, रोनाल्डो आणि मॅग्वायर बाकावर होते, आणि बॉल गेला की मागे धावायची तयारी बदलली होती. मॅनेजर स्वतः पळाले याचा खेळाडूंच्या मनावर परिणाम झाला असेल, असं मला वाटतं. शरीरशास्त्राच्या हिशेबात मात्र सपाटून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उन्हाळ्यात, दमलेल्या स्नायूंवर एवढा भार टाकणं मला पटत नाही. सराव स्नायूला मोडतो. तो भक्कम होतो तो नंतरच्या झोपेत, जेवणात आणि विश्रांतीत.

उन्हाचा विषय निघाला की मला थांबवत नाही. नागपुरात वाढलेल्या प्रत्येक खेळाडूने तो नीट समजून घ्यायला हवा.

पळताना स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामात जातो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. एक लिटर घाम अंगावर सुकला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. निथळून जमिनीवर पडला तर काहीच नेत नाही. आपल्या घरचा कूलर आठवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी तो खोली गार करतो. जुलैत पाऊस लागला की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. आपलं अंगही असंच आहे. मे मध्ये घाम इतका लवकर सुकतो की किती पाणी गेलं ते कळत नाही. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून पोरं बेफिकीर असतात, आणि घाम मात्र सुकत नसतो. शिवाय त्याच रक्ताकडून स्नायू ऑक्सिजन मागतात आणि कातडी गारवा मागते. हृदय दोघांनाही पुरं पडत नाही, मग वेग आपोआप उतरतो.

२०१४ च्या ब्राझील विश्वचषकात हे मोजलं गेलं. तापमान, दमटपणा आणि ऊन एकत्र मोजणारा निर्देशांक ३२ अंशांच्या वर गेला की मॅच थांबवून पाणी द्यायचं, असा नियम होता. २९ जूनला फोर्टालेझाला नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या मॅचमध्ये असा थांबा घेतला गेला. त्या स्पर्धेत जास्त उष्णतेच्या मॅचमध्ये स्प्रिंट कमी झाले, पण पास जास्त अचूक गेले. खेळाडूंनी पाय वाचवले आणि बॉलला पळवलं.

आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना एका उन्हाळी शिबिरात आमचे कोच भर दुपारी राऊंड मारायला लावत आणि मध्ये पाणी पिऊ देत नसत. पाण्याने पोट दुखतं, दम कमी होतो, अशी तेव्हा समजूत होती. एक दिवस आमचा हाफबॅक असंबद्ध बोलायला लागला आणि कोसळला. आम्हाला वाटलं, राऊंड चुकवतोय. शेजारी टाक्याला पाइप लावलेला होता, कोणीतरी तो त्याच्या अंगावर धरला आणि तो वाचला. नेमका तोच उपाय बरोबर होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. अंगातलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं आणि माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला की तो उष्माघात असतो. आधी गार पाण्यात बसवायचं किंवा अंगावर सतत पाणी ओतायचं, सोबत रुग्णवाहिका बोलवायची. पहिला अर्धा तास सगळं ठरवतो.

उन्हाची सवय शरीराला होते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. हे दिवस थोडं थोडं वाढवत नेणारा मॅनेजर मेहनतीवर कितीही भर देवो, मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापतीचं, थोडक्यात सांगतो. युरोपच्या मोठ्या क्लबांत एकूण दुखापतींत तिचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये २४ टक्के. वेगाचा खेळ वाढला, मॅचही वाढल्या. उपाय बिनपैशाचा आहे. गुडघ्यांवर बसायचं, सोबत्याने मागून घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. या व्यायामाने अशा दुखापती निम्म्याने घटतात, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे.

हे सगळं मी गाडीवरच सांगितलं, तोवर पोहे थंड झाले. पुढच्या रविवारी काका घड्याळ घेऊन आले. त्यांना स्वतःला मी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पळू नका म्हटलं होतं, म्हणून ते रेषेवर उभे राहिले. विंगर वीस वर्षांचा. २२० मधून वय वजा केलं की ढोबळमानाने कमाल ठोके २०० येतात; त्याचे ९० ते ९५ टक्के म्हणजे १८० ते १९०, पंधरा सेकंदांत ४५ ते ४७. पहिली चार मिनिटं संपली तसं त्याने मानेवर बोटं ठेवली आणि काकांनी वेळ दिली.

"त्रेचाळीस," तो धापा टाकत म्हणाला.

"मंग दुसऱ्या राऊंडले थोडा जोर लाव," काका म्हणाले, आणि घड्याळात तीन मिनिटं लावली.