डोहाळे: इच्छा बाळाची की आईच्या रक्ताची?

दादरच्या फूलबाजारातून फुलांची वाडी आली, झोपाळा सजला, ओटी भरली, की जमलेल्या बायका हमखास विचारतात, "काय डोहाळे लागलेत गं?" उत्तर बहुधा कैरी, चिंच, पाणीपुरी असं असतं. हाच शब्द पुढाऱ्याच्या मंत्रिपदालाही चिकटतो, आणि उधळ्या माणसाला तर भिकेचे डोहाळे लागतात. अनावर इच्छेसाठी मराठीत हाव, तलफ, हव्यास असे शब्द आहेत. पण ही इच्छा नक्की कुणाची, हा प्रश्न पोटात घेऊन आलाय तो डोहाळे.

संस्कृतात तो 'दोहद' होता. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात एक सूत्रच आहे: प्रदीप्त, कदंब आणि दोहद या शब्दांत 'द'चा 'ल' होतो. कदंबाचा कलंब झाला, मराठीत कळंब. तसाच दोहदचा दोहल. दोन स्वरांमधल्या एकट्या 'ल'चा मराठीत 'ळ' होतो (फल-फळ, काल-काळ), आणि सुरुवातीचा 'द' इथे 'ड' झाला, दंशातून डास झाला तसा. झाला डोहळा!

दोहदच्या मुळाशी काय, यावर मात्र दोन मतं आहेत. पहिलं 'द्वि' आणि 'हृद्', म्हणजे दोन हृदयं. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या स्त्रीला 'दौहृदिनी' म्हणतात. तिच्या तोंडून बाळच मागतं. दुसरं मत 'दौर्हृद', म्हणजे बिघडलेलं, मळमळणारं हृदय. दोन्हींत 'हृ'चा 'ह' होतो, जसं तृणाचं तण. आम्हाला पहिलं मत अधिक पटतं. (आज आपल्याला माहीत आहे की गर्भाचं हृदय गर्भधारणेनंतर साधारण 22व्या दिवशीच धडधडू लागतं.)

पण डोहाळे पुरवले नाहीत तर मूल कुबडं किंवा ठेंगणं होतं, हे त्याच ग्रंथातलं म्हणणं मुळीच मनाला लावून घेऊ नका. त्याला कसलाही आधार नाही.

लक्ष द्यायचं ते वेगळ्याच डोहाळ्यांकडे. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ. याला वैद्यकात पायका म्हणतात. लॅटिनमध्ये पायका हा एक पक्षी, दिसेल ते खाणारा म्हणून ख्यात. आपल्या बोरिवलीच्या जंगलातल्या टकाचोराचा भाऊबंद. गरोदरपणातलं हे माती खाणं कालिदासाने बारकाईनं टिपलंय. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात गरोदर सुदक्षिणा माती खाते, आणि पहिल्या पावसात भिजलेलं डबकं हत्तीनं हुंगावं तसा तिचा नवरा राजा दिलीप तिचं मुख हुंगत राहतो, तरी त्याची तृप्ती होत नाही. ओल्या मातीच्या त्या वासातलं मुख्य द्रव्य जिओस्मिन, मातीतले जीवाणू ते बनवतात.

अशी इच्छा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेबरोबर येते. पण मातीतून ती कमतरता भरून निघत नाही. उलट काही प्रकारची माती आतड्यात लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात जाऊ देत नाही, शिवाय जंतांची अंडी आणि शिसं पोटात जाण्याचा धोका. म्हणून लाजेनं लपवू नका, डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय समजतात. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. ती रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस.

फसतं ते बहुतेकदा वेळेत. गोळी चहाबरोबर घेतली तर चहातली टॅनिनं लोह अडवतात, कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तरी तेच. या दोन्हींपासून लोहाची गोळी किमान दोन तास लांब ठेवा, तिच्याबरोबर लिंबूपाणी चालेल. शी काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नका. लोह लागू पडू लागलं की हिमोग्लोबिनचा आकडा चढण्याआधीच बर्फ चघळायची इच्छा ओसरलेली अनेकदा दिसते.