विंडोजची हार्ड डिस्क मॅकला लावली की डेटा उडतो?

'विंडोजवर वापरलेली हार्ड डिस्क मॅकला लावू नका, डेटा उडतो' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. नुसती जोडल्याने काही उडत नाही. समज का पसरला ते मात्र कळतं. अशा डिस्कवर बहुधा एनटीएफएस हा विंडोजचा फॉरमॅट (डिस्कवर फाइली साठवायची पद्धत) असतो; मॅक तो वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. फाइल पेस्ट होईना, की डिस्क गेली असं वाटतं.

खरा धोका उलट बाजूने. मॅकच्या फॉरमॅटची डिस्क लावली की विंडोज 'फॉरमॅट करायची का?' विचारतं. हो म्हटलं तर डेटा पुसला जातो, म्हणून तिथे रद्द करा.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, 'फाइल सिस्टिम'समोर फॉरमॅटचं नाव दिसेल. मॅकवर 'गेट इन्फो'. दोन्हीकडे लिहायचं तर डिस्कचा फॉरमॅट बदलून एक्सफॅट करा, अर्थात आधी डेटा दुसरीकडे कॉपी करून. फॅट32ही चालतं, पण 4 जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही.