दोन अ‍ॅब्लेशन: एक हृदयातलं, एक हृदयाबाहेरचं

"बाबांना हार्ट फेल्युअर आहे, अ‍ॅब्लेशन करून टाकू." अमळनेर असो, शहादा असो की चोपडा, हे वाक्य आता सर्रास कानावर येतं. अ‍ॅब्लेशन म्हणजे शरीरातला एखादा बारीक भाग मुद्दाम निकामी करणं. कुणाच्या मेहुण्याचं सुरतला हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांसाठी अ‍ॅब्लेशन झालेलं असतं. कुणी मोबाईलवर मज्जातंतू जाळून हार्ट फेल्युअर बरं होतं, असा व्हिडिओ पाहिलेला असतो. दोन्ही एकच समजून घरात ठरून जातं, कपाशीचे पैसे हातात आले की करायचं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध फार थोडा आहे, आणि हा घोळ आता थांबायला हवा.

ठोक्यांचं अ‍ॅब्लेशन बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. ह्या बिघाडाचे ठिणगीसारखे संकेत बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडापाशी उठतात, हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांच्या गटाने १९९८ साली दाखवलं. मांडीच्या शिरेतून हृदयात तार नेऊन त्या तोंडांभोवतीची पेशींची कडी निकामी करतात. पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद, खूप घसरलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये ह्याचा उपयोग होतो, हे २०१८ च्या कॅसल-एएफ अभ्यासात दिसलं: मृत्यू आणि हॉस्पिटलात भरती होणं, दोन्ही कमी झाले. हा रुळलेला उपचार आहे.

दुसरं अ‍ॅब्लेशन हृदयाला हातच लावत नाही. लोकांचा घोळ नेमका इथे होतो.

छातीच्या मणक्यांच्या बाजूने स्प्लँक्निक नावाचे मज्जातंतू पोटाकडे उतरतात. पोटातल्या शिरा आवळायच्या की सैल सोडायच्या, हा हुकूम त्यांच्यातून जातो. आतडी, यकृत आणि प्लीहा मिळून शरीरातल्या रक्ताचा साधारण पाव हिस्सा साठवून ठेवतात. आपण उठून चालायला लागलो की हे मज्जातंतू शिरा आवळतात आणि साठ्यातलं रक्त छातीकडे ढकललं जातं. निरोगी हृदय ते सहज सामावून घेतं.

आता साठीपुढची, वजन जास्त, बीपी आणि शुगर दोन्ही असलेली एखादी मावशी डोळ्यासमोर आणा. इकोच्या रिपोर्टवर पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगलं. तरी ती सांगते, "बसेल राहस तवय काही नही, चालाले लागनू का दम लागस." तिचं हृदय आकुंचन नीट पावतं, पण ताठर झाल्यामुळे सैल पडून भरून घ्यायला कमी पडतं. चालताना पोटातून आलेला लोंढा त्यात मावत नाही, दाब मागे फुप्फुसांत चढतो, आणि दम लागतो. हेही हार्ट फेल्युअरच, फक्त पंपिंग शाबूत असलेलं.

गिरणा धरणाचं आवर्तन पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. जामदा कालव्याला पाणी चढतं त्या दिवशी पाऊस पडलेला असतोच असं नाही. धरणातलं पाणी सोडलेलं असतं. तसंच अशा रुग्णाच्या अंगात एकूण पाणी फार वाढलेलं नसतानाही छातीत दाब वाढू शकतो, कारण रक्ताची जागा बदललेली असते. लघवी वाढवणारी गोळी एकूण पाणी कमी करते. उजव्या बाजूचा मोठा स्प्लँक्निक मज्जातंतू जाळण्यामागची कल्पना धरणाचा दरवाजा उघडणारा हात सैल करण्याची आहे, म्हणजे साठा पोटातच राहील. त्यासाठी मांडीच्या शिरेतून तार मणक्याजवळच्या शिरेत नेतात, आणि शिरेच्या भिंतीपलीकडे असलेल्या मज्जातंतूला उष्णता देतात.

म्हणून "ह्याने पंपिंग किती वाढेल?" हा प्रश्न ठोक्यांच्या अ‍ॅब्लेशनबद्दल रास्त आहे. इथे तो गैरलागू आहे, कारण पंपिंग मुळात घटलेलंच नाही. इथे मोजायचा असतो तो श्रमातला दाब. रुग्ण टेबलावर झोपून पायडल मारतो आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत घातलेली बारीक नळी दाब दाखवत राहते. आरामात सगळं ठीक असलेल्या माणसाचा आकडा चार-पाच मिनिटांत २५ च्या वर जातो, आणि त्याचा दम खोटा नव्हता हे स्पष्ट होतं. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे" असं सांगून अशा बायकांना परत पाठवतात, ह्याची मला मनापासून चीड आहे.

मग हे करून घ्यावं का? आज तरी नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले मरात फुदिम यांनी आधी हे मज्जातंतू औषधाने तात्पुरते बधिर करून पाहिले, आणि दाब उतरला. पुढे रीबॅलन्स-एचएफ ह्या चाचणीत ९० रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले: एका गटाचा मज्जातंतू जाळला, दुसऱ्याची नुसती लुटुपुटूची प्रक्रिया केली. सगळे रुग्ण एकत्र धरले तेव्हा श्रमातल्या दाबात ठोस फरक निघाला नाही. काही विशिष्ट रुग्णांत फायद्याची चिन्हं दिसली. ती पुढच्या चाचणीचं कारण ठरू शकतात, पण त्यांच्या जोरावर पैसे घेऊन उपचार करता येत नाही.

लुटुपुटूच्या गटाला लोक नाकं मुरडतात. त्यांनी बीपीसाठी मूत्रपिंडाच्या मज्जातंतूंवर करतात त्या प्रक्रियेचा इतिहास बघावा. २०१४ च्या मोठ्या चाचणीत खऱ्या गटाचं वरचं बीपी सुमारे १४ ने उतरलं, आणि खोट्या गटाचंही जवळपास १२ ने. सुधारलेल्या उपकरणांना अमेरिकेत मान्यता मिळायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं, आणि तीही बीपीसाठी, हार्ट फेल्युअरसाठी नाही. व्हिडिओवाले हेही ह्याच गाठोड्यात बांधतात.

मावशीला आज खरा आधार डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनचा. पंपिंग शाबूत असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये दोन्हींचा फायदा २०२१ आणि २०२२ च्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाला आहे, आणि आपल्याकडे दोन्हींच्या स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळतात. सोबत गरजेपुरती लघवीची गोळी, बीपी आटोक्यात, वजन कमी, आणि पापड, बिबडे, लोणचं, बाजारची शेव ह्यांना आवर. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, तर मात्र पहिल्या अ‍ॅब्लेशनबद्दल हृदयरोगतज्ज्ञांशी जरूर बोलावं. दोन्ही आजार एकाच माणसात अनेकदा भेटतात.

आणि कुणी स्प्लँक्निक अ‍ॅब्लेशन चाचणी म्हणून करतो म्हणालं, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा आणि संमतीपत्र मराठीत घेऊन घरी वाचा. चाचणीच्या प्रक्रियेचे पैसे मागितले, तर सही करू नका.