पार्श्वभूमी : वीज मोजली, पाणी राहिले

संगणक आणि पर्यावरण या विषयावर तीसेक वर्षे घालवलेल्या संशोधकाच्या कारकिर्दीतले सुरुवातीचे टप्पे चटकन सांगून होतात. १९९२ साली अमेरिकेत एनर्जी स्टार हे वीज वाचवणाऱ्या उपकरणांचे मानांकन सुरू झाले, तेव्हा चिंता होती ती समोर कोणी नसताना चालू राहणाऱ्या मॉनिटरची. मग ई-कचरा, त्याचे नियम भारतात २०११ मध्ये निघाले. खरा गुंता २००७ च्या एका आकड्याचा आहे : पीयूई.

डेटा सेंटरची, म्हणजे हजारो सर्व्हर एकत्र चालवणाऱ्या इमारतीची, एकूण वीज भागिले त्यातल्या संगणकांची वीज, म्हणजे पीयूई. एकूण १,००० युनिट, सर्व्हरना ८००, तर पीयूई १.२५. आकडा १ च्या जितका जवळ तितका चांगला. आता सर्व्हर सुधारून ८०० चे ७०० झाले आणि कूलिंग-यूपीएसचे २०० तसेच राहिले, तर पीयूई १.२९. वीज वाचली, तरी आकडा बिघडला.

मराठवाड्याला याहून जास्त बोचते ते पाणी. कूलिंग टॉवर पाण्याची वाफ करून उष्णता घालवतो. कॉम्प्रेसरची वीज वाचते, पीयूई उतरतो. एक युनिट उष्णतेमागे साधारण दीड लिटर पाणी उडते. उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात, म्हणून त्यातले थोडे सोडून द्यावे लागते. टॉवरमध्ये क्षार नव्या पाण्याच्या पाचपट चालत असतील तर नवे पाणी १.९ लिटर, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे तिपटीवरच थांबावे लागले तर सव्वादोन. पाणी सोडण्यात हात आखडला की कंडेन्सरच्या, म्हणजे यंत्राची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, नळ्यांत खपली धरते आणि वाचवलेली वीज कॉम्प्रेसर परत खातो. सव्वादोनच्या हिशेबाने एक मेगावॉटच्या भाराला दिवसाला ५४,००० लिटर लागतात. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेतली एक वॅगन सुमारे एवढीच होती.

पाण्याचा वेगळा आकडा, डब्ल्यूयूई, आला तो २०११ मध्ये : वर्षभराचे पाणी भागिले संगणकांची वीज. त्याच्या साध्या रूपात आवारातलेच पाणी धरतात, वीजकेंद्रातले नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, हे इथे कोणाला सांगायला नको. म्हणून टॉवर काढून हवेवर थंड केलेले डेटा सेंटरही बिनपाण्याचे ठरत नाही; त्याच्या विजेमागे पाणी असतेच. शिवाय आकडा वार्षिक. त्यात ऑगस्ट आणि मे एकत्र मिसळतात, आणि मांजरा धरण तळाला जाते ते मे महिन्यात.